सीमोल्लंघनाचे दिवस

उदगीर हें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत बहुधा एकाच कारणानें ठाऊक असतें. ता. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं सदाशिवरावभाऊंनीं सलाबतजंग व निजाम अली यांच्या फौजेस उदगीर-औशाच्या टापूंत जेरीस आणिलें, सुमारें साठ लक्षांचा मुलूख लिहून घेतला, आणि या विजयानें त्यांचा लौकिक इतका वाढला कीं, उत्तरेच्या स्वारीची धुरा त्यांच्याच खांद्यावर आली. पुढें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपत झालें. आमच्या शाळांच्या पुस्तकांत उदगीर येतें तें असें, पानिपताच्या प्रकरणापूर्वींची चार ओळींची प्रस्तावना म्हणून. त्या चार ओळी संपल्या कीं गांव संपलें. शेंकडों वर्षें नांदत्या असलेल्या एका वस्तीच्या वांट्यास इतिहासांतील एकच दिवस यावा, आणि तोही परगांवाहून आलेल्या दोन फौजांच्या झुंजीचा, ही वांटणी आम्हांस कधींच न्याय्य वाटलेली नाहीं.

लढाईचा तो एक दिवस सोडून राहिलेल्या दिवसांत येथील माणसें काय करीत होतीं, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. कामाच्या दिवसांचा कांहीं हिशेब महसुलाच्या दफ्तरांतून निघतो. कारण काम केलें कीं सारा द्यावा लागतो, आणि सारा दिला कीं त्याची नोंद होते. विसाव्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. मुलींनीं फेर धरला, गुराख्यांनीं दिवे ओंवाळले, म्हाताऱ्यांनीं देवळाच्या पायरीवर बसून रात्र जागविली, यांवर कोणत्याही सरकारानें कर बसविला नाहीं. म्हणून त्याचा कागदही झाला नाहीं. तथापि रूढि हेंसुद्धां एक दफ्तरच आहे. तें वाचतां आलें पाहिजे. वर्षांतील ज्या काळांत हें दफ्तर सर्वांत भरगच्च असतें, त्या शरदाच्या दिवसांपुरतें उदगीरचें पान उलगडून पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. पंचांगाचा शरद आश्विन-कार्तिकाचा. आम्ही तो थोडा सैल धरतों : श्रावण अमावास्येच्या पोळ्यापासून मार्गशीर्ष अमावास्येच्या येळवशीपर्यंत. शेतकऱ्याच्या घरीं ही एकच लांब माळ आहे.

प्रथम स्थळाविषयीं थोडें. बालाघाटाच्या पठारावर, काळ्या जमिनीच्या मुलखांत हें गांव वसलें आहे. किल्ल्यांत उदगीरबाबांचें स्थान आहे, आणि गांवाचें नांव लोक त्यांच्याशींच जोडतात. बहामनी सत्तेच्या पडत्या काळांत हा टापू कासीम बरीदाच्या जहागिरींत होता; १६३६ सालीं शहाजहानच्या सरदारानें किल्ला घेतला; नंतर तो निजामाकडे आला. हैदराबाद संस्थानांत उदगीर बीदर जिल्ह्याचा तालुका होता. १९५६ सालीं तो तेथून सुटून उस्मानाबाद जिल्ह्यास जोडला गेला, आणि १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हां त्यांत आला. दक्षिणेस कानडी, पूर्वेस तेलुगु, कचेरींत उर्दू आणि घरांत मराठी, असा येथील भाषांचा जुना संसार. याचा ठसा सणांवरही उमटलेला आहे.

शरदांतील विसावा कोठून येतो, हें कळण्यास शेतीचें वेळापत्रक पाहावें लागतें. मृगाचा पाऊस झाला कीं खरिपाचा पेरा होई. श्रावणापर्यंत खुरपणी-कोळपणी चाले. भाद्रपदांत मूग-उडीद घरीं येई. उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांच्या पावसावर रब्बीची ज्वारी पेरावयाची. खरिपाची ज्वारी त्यानंतर सवडीनें निघे, आणि तूर तर पार थंडीपर्यंत उभी राही. पिकांचा हा मेळ असा होता कीं, काम एकाच वेळीं अंगावर कोसळत नसे. दोन कामांच्या मध्यें चार-आठ दिवसांची फट सांपडे. आमचे सण या फटींत बसविलेले आहेत. घड्याळाच्या सुटीची कल्पना नसलेल्या समाजानें पिकांच्या चालीवरून आपली सुटी शोधून काढली होती, आणि ती मोडूं नये म्हणून तिला देवाधर्माचें कुंपण घातलें होतें.

पहिली सुटी बैलाची. पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं खांदमळणी होते. वर्षभर जूं वाहिलेल्या खांद्यास हळद व तूप चोळून, दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचें निमंत्रण प्रत्यक्ष बैलास दिलें जातें. उदगीरच्या भागांत या सणास निराळा डौल आहे, कारण शेजारच्या देवणीवरून नांव पावलेली गाईबैलांची जात हा या मुलखाचा अभिमान होय. तोंडाशीं काळा तो वानेरा, पांढराशुभ्र तो बालंक्या, अंगावर काळे ठिपके असलेला तो शेवरा. येथील पोरास अक्षरओळख होण्यापूर्वीं ही ओळख होत असे. शिंगांना रंग, गळ्यांत घुंगुरमाळा, पाठीवर झूल आणि वेशींत तोरण. त्या तोरणाखालून पहिला बैल कोणाचा जावयाचा, यावरून मात्र भाऊबंदांत डोकीं फुटत. मानाच्या बैलाचे तंटे हा मराठवाड्यांतील गांवोगांवचा विषय असे. करमणुकींतही माणूस आपली पायरी विसरत नाहीं, हें इतिहासकारानें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

भाद्रपदांत महालक्ष्म्या येतात. ज्येष्ठा-कनिष्ठांचे मुखवटे कोठ्यांवर बसवून, लुगडीं नेसवून, पुढें फराळाची आरास मांडावयाची. नैवेद्यास पुरणपोळी, सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील. तीन दिवसांचा हा पाहुणचार म्हणजे घरच्या स्त्रियांच्या कलाकौशल्याचें वार्षिक प्रदर्शनच. शेजारणी-पाजारणी आरास पाहावयास घरोघर हिंडत, आणि त्या निमित्तानें एरवीं उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या सुनांस आळीभर फिरण्याची मोकळीक मिळे. आश्विनांत हस्त नक्षत्र लागलें कीं पोरींचा हादगा. पाटावर काढलेल्या हत्तीभोंवतीं फेर धरावयाचा, गाणीं म्हणावयाचीं आणि झांकलेली खिरापत ओळखावयाची. याच दिवसांत पूर्वेकडे तेलंगणांत फुलांची बतुकम्मा रचतात, आणि वऱ्हाड-खानदेशांत भुलाबाई बसते. भाषा बदलली, देवता बदलली, तरी पाऊस संपत आल्यावर मुलींनीं अंगणांत एकत्र यावयाचें ही गोष्ट बदलली नाहीं. राज्यांच्या सीमा नकाशावर काढणाऱ्यांस असल्या सीमा दिसत नाहींत.

नवरात्रांत घट बसतो. शेतांतील काळी माती आणावयाची, तींत धान्य पेरावयाचें आणि नऊ दिवस पाणी घालावयाचें. दसऱ्यास हें वितभर वाढलेलें धन पागोट्यांत खोवून पुरुष मिरवितात. कृषिशास्त्रज्ञ ज्यास बियाण्याच्या उगवणशक्तीची परीक्षा म्हणतात, ती येथें देवघरांत, रब्बीच्या ऐन पेऱ्याच्या वेळीं होते. रूढीच्या मुळाशीं नेहमींच शहाणपण असतें असा आमचा दावा नाहीं. पण या रूढीच्या मुळाशीं तें असावें असें मानण्यास जागा आहे. रात्रीं आराध्यांचा मेळा जमे. तुळजापूर कांहीं दूर नाहीं. संबळाच्या ठेक्यावर भवानीचीं गाणीं मध्यरात्रीपर्यंत चालत. ज्यांस नाटकगृह ठाऊक नाहीं आणि पुस्तक वाचतां येत नाहीं, त्यांचें संगीत, काव्य आणि रंगभूमि सर्व त्या मेळ्यांत होतें. दसऱ्यानंतर देवी श्रमनिद्रा घेते आणि आश्विन पौर्णिमेस सिंहासनावर येते, म्हणून कोजागिरीस तुळजापुराकडे पायीं जाणाऱ्यांची रीघ लागते. ती आजही लागते.

आतां दसरा. शिलंगणास जावयाचें म्हणजे गांवची शीव ओलांडून आपट्याचें पान आणावयाचें, तें सोनें म्हणून वडिलांच्या हातीं द्यावयाचें आणि पायां पडावयाचें. हा आजचा निरुपद्रवी खेळ मुळांत काय होता, हें सर्वांस ठाऊक आहे. पावसाळ्यांत नद्या भरलेल्या, वाटा चिखलाच्या. फौजा छावणीस असत. आश्विनांत वाटा सुकल्या, वैरण झाली, कीं शस्त्रपूजा करून स्वाऱ्या निघावयाच्या. अर्थात् कुणब्याच्या विसाव्याचा जो मुहूर्त, तोच शिपायाच्या उद्योगाचा. १७५९ च्या पावसाळ्यानंतर जें राजकारण हललें त्यांत नोव्हेंबरांत अहमदनगरचा किल्ला पेशव्यांकडे आला, आणि माघ लागण्याच्या सुमारास फौजा उदगीरच्या शिवारांत भिडल्या. त्या वेळीं या काळ्या रानांत रब्बीची ज्वारी कणसावर उभी असावयाची. हजारों घोडीं, तोफांचे बैल आणि बाजारबुणगे जेथून गेले, तेथें त्या वर्षीं धान्य किती उरलें असेल, हें सांगण्यास बखरकाराची साक्ष नको. साठ लक्षांचा मुलूख कोणाकडून कोणाकडे गेला हें आपणांस बरोबर ठाऊक आहे. हस्ताच्या ओलीवर पेरलेली ती ज्वारी कोणी खाल्ली, याची नोंद मात्र कोणत्याही तहनाम्यांत नाहीं.

निजामी अमदानींत शरदाचें आणखी एक रूप होतें. संस्थानाच्या फसली वर्षाचा पहिला महिना आजूर. तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत सुरू होई. म्हणजे घरोघर घट बसलेले किंवा दिवाळीची सारवासारव चाललेली, आणि चावडीवर सरकारचें नवें वर्ष उघडलेलें. हाली सिक्क्याचा रुपया, उर्दू कागद आणि परवानगीचा कारभार यांच्या छायेंत येथील सण होत. सभा, तालमी, खासगी शाळा यांस सरकारी मंजुरी लागे. मिरवणुकी व वाद्यें यांवरही निर्बंध येत. चार माणसांनीं आनंदानें एकत्र जमणें हीही राजकारणाची बाब होऊन बसली. १९३८-३९ सालीं आर्यसमाजानें धार्मिक स्वातंत्र्यासाठीं संस्थानांत सत्याग्रह केला. त्या चळवळीच्या आरंभींच, १९३८ च्या डिसेंबरांत, उदगीरचे पुढारी भाई श्यामलाल यांचा बीदरच्या तुरुंगांत अंत झाला. त्यांच्या नांवाची शिक्षणसंस्था उदगिरांत आहे.

पण एवढ्यावरून हिंदूंचा सण आणि मुसलमानांचा सण या दोन तटबंदी होत्या असें चित्र कोणी रंगवील तर तें खरें होणार नाहीं. मोहरम चांद्रवर्षाचा असल्यानें दरसाल दहा-अकरा दिवस मागें सरकतो, आणि सुमारें तेहेतीस वर्षांनीं फिरून शरदांत येतो. तसें झालें म्हणजे एका गल्लींत घट आणि दुसऱ्या गल्लींत पंजे बसतात. मराठवाड्यांतील कित्येक हिंदु घराण्यांत सवारीस नवस बोलण्याची चाल आहे, आणि आपट्याचें सोनें मुसलमान शेजाऱ्याच्या हातीं देण्यांत कोणास नवल वाटत नसे. २०१६ सालीं दसरा ११ ऑक्टोबरास होता व मोहरमचा दहावा दिवस १२ ऑक्टोबरास. २०१७ सालीं ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर अशी जोडी होती. तसले योग पूर्वींही आले, पुढेंही येतील. ते दिवस शेजारधर्माची कसोटी पाहतात. आणि ही कसोटी एकट्या पोलिसांच्या बंदोबस्तानें उतरत नाहीं, मागच्या पिढ्यांनीं एकमेकांच्या सणांत जें येणें-जाणें ठेविलें त्याच्या पुण्याईवर उतरते.

या मुलखाच्या अलीकडील इतिहासांतील मोठे फेर पाहिले तर तेही याच ऋतूंत घडलेले दिसतात. १९४८ च्या सप्टेंबरांत, गणेशोत्सवाचे दिवस असतां, भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ तारखेस निजामानें शस्त्र खालीं ठेविलें. पाऊस सरतांच फौज हलावी, हा जुना नियम येथेंही दिसतो. रझाकारांच्या धाकानें त्या आधींच्या वर्षीं ज्या कुटुंबांनीं घरें सोडलीं, त्यांच्या अंगणांत सण झालाच नव्हता. म्हणून पुढची दिवाळी ही त्यांची खरी दिवाळी. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला तोही दिवाळीच्या तोंडावर. आणि ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहांट कोण विसरेल? गणपति बोळवून लोक दमून निजले होते. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीची भूमि हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत, सरकारी मोजणीप्रमाणें, सुमारें आठ हजार माणसें ढिगाऱ्याखालीं गेलीं. त्या शरदांत कित्येक गांवीं पणती लागली नाहीं.

शरदाचा हा विसावा सर्वांस सारखा मिळत होता काय, हा प्रश्न टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. पुरणाचा घाट ज्यांच्यावर पडे त्या स्त्रियांस सण म्हणजे दुप्पट काम. त्यांची करमणूक हादग्याच्या वयाबरोबरच बहुतेक संपे. सालगड्याचा बैल पोळ्यास सजे, पण तो बैल धन्याचा असे. गांवकीचीं कामें ज्यांच्या माथीं मारलेलीं, त्या महार-मांगांस दसऱ्याच्या मिरवणुकींत राबण्याचा मान होता आणि बसण्याचा नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, विजयादशमीसच, डॉ. आंबेडकरांनीं नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि मराठवाड्यांतील लक्षावधि लोकांच्या पंचांगांत दसऱ्याचा अर्थ कायमचा बदलला. आपट्याच्या पानासाठीं शीव ओलांडणाऱ्यांनीं खरें सीमोल्लंघन कशास म्हणावें याचा धडा त्या दिवशीं मिळाला, असें आम्हांस वाटतें.

दसऱ्यानंतर करमणुकीस वेग येतो. तमाशाचे फड विजयादशमीस बाहेर पडतात. कोजागिरीपासून देवळांत काकडा सुरू होतो. कार्तिकभर पहांटेच्या थंडींत टाळांचा नाद गल्लीगल्लींतून ऐकूं येतो. दिवाळींत अंगणांत शेणाच्या गवळणी मांडतात, गुराखी गाईंस ओंवाळतात. पेरा आटोपलेला, हातीं चार पैसे आलेले. मग हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारास जावयाचें. खोंड घेणें न घेणें ही पुढची गोष्ट. दांत पाहावेत, चाल पाहावी, रुमालाखालीं बोटें धरून चाललेला सौदा तर्कानें ओळखावा, आणि सायंकाळीं शेवचिवड्याची पुडी घेऊन परतावें, यांतच निम्मी मौज असे.

या माळेचा शेवटचा मणी येळवस. हें नांव कानडींतील एळ्ळ अमावास्येवरून आलें, आणि लातूर-धाराशिवच्या मराठी माणसानें तें इतकें आपलें केलें कीं, पुण्या-मुंबईस नोकरीस असलेला मुलगाही त्या दिवशीं रजा काढून गांवीं येतो. गांवें ओस पडतात व शेतें भरतात. हिरव्या ज्वारींत कडब्याची कोप करून आंत पांच पांडव मांडतात, रानांत नैवेद्य शिंपतात. भज्जी, उंडे, आंबील आणि खीर यांच्या पंगती उठतात. ज्यास शेत नाहीं त्यास शेतवाला आग्रहानें बोलावितो. त्याच सुमारास माळेगांवच्या खंडोबाची जत्रा भरते, आणि शरद पुरा होऊन हिंवाळा खऱ्या अर्थानें सुरू होतो.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावासा वाटला ती सांगतों. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या मुलखाचें पीक बदललें आहे. मूग-उडीद व ज्वारी यांच्या जागीं सोयाबीन आलें. त्यानें शेतकऱ्याच्या हातीं रोकड दिली, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण हें पीक सर्व रानांत एकदम तयार होतें, आणि तें नेमकें दसऱ्याच्या पंधरवड्यांत. शेंगा तडकण्यापूर्वीं कापावयाचें, परतीच्या पावसापूर्वीं मळावयाचें, दिवाळीपूर्वीं आडतीवर न्यावयाचें. ज्या फटींत सण बसविले होते ती फटच बुजली. जोखीमही एकवटली : २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली तेव्हां उभें पीक पाण्यांत गेलें, आणि एका पिकाबरोबर घरची दिवाळीही गेली. पूर्वीं मूग गेला तर ज्वारी असे, ज्वारी गेली तर तूर असे.

फेर धरण्यास मुली अंगणांत कां येत नाहींत, आराध्यांचा मेळा कां ओसरला, असें विचारून आपण चित्रपटास किंवा हातांतील यंत्रास दोष देतों. त्यांचा दोष असेलही. पण करमणूक नाहींशी होण्यापूर्वीं सवड नाहींशी झालेली असते, आणि सवड ही शेतांत ठरते. याला साक्ष येळवशीची. आमच्या सणांपैकीं तीच आज पूर्वींच्या जोमानें उभी आहे, कारण मार्गशीर्षांत सोयाबीन केव्हांच घरीं आलेलें असतें आणि रब्बी रानांत डोलत असते. तिची फट अजून कोणी बुजविलेली नाहीं. उदगिरांत २०२२ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें तेव्हां सीमाभागाच्या संस्कृतीविषयीं पुष्कळ आस्थेनें बोललें गेलें. ती आस्था खरी मानावयाची असेल तर पिकांच्या फेरपालटाचा आणि भावाचा विचार हा संस्कृतीचाही विचार आहे, हें आम्हां शहरवासी सुशिक्षितांनीं ओळखिलें पाहिजे. लढाईच्या दिवशीं फौजांनीं ज्वारी खाल्ली, आणि पुढच्या हस्तास ती फिरून पेरली गेली, म्हणून गांव राहिलें. त्या पेऱ्याच्या आणि सुगीच्या मध्यें जे चार मोकळे दिवस होते, ते राखणें आतां आपल्या पिढीकडे आहे.